चवदार तळ्यापासून परळपर्यंत : उपचार निवडण्याच्या हक्काचा इतिहास

१

दर वर्षी २० मार्चला मी महाडला जातो. तळ्याच्या पायऱ्यांवर गर्दी असते, पुस्तकांची दुकाने लागलेली असतात, क्रांतिस्तंभाकडे माणसांची रीघ असते. १९२७ साली काय घडले हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आपण हा इतिहास पाण्याचा इतिहास म्हणून सांगतो आणि ते खरेच आहे. पण ज्या ठरावाच्या आधारे महाडचे पाणी आपले झाले, त्या ठरावात पाण्याच्या जोडीला आणखी एक शब्द होता. तो शब्द आपण विसरलो. प्रस्तुत लेख त्या विसरलेल्या शब्दाविषयी आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी खर्चाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही, असा त्याचा आशय होता. दवाखाने! पाण्याबरोबर औषधही त्यात होते. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले असल्याचा ठराव केला आणि तो कागदावर राहिला. तीन वर्षे कोणी त्या पाण्यापाशी गेले नाही. हक्क कागदावर असतो आणि पाणी तळ्यात असते. मधले अंतर माणसाने आपल्या पायांनी चालावे लागते, हे २० मार्च १९२७ ने आपल्याला शिकवले.

मग दवाखान्याचे काय? दवाखान्याचे दार उघडले, हे मान्य. केसपेपर काढताना आज कोणी उघडपणे जात विचारत नाही. परंतु दाराच्या आत गेल्यावर, टेबलाच्या पलीकडचा माणूस आणि अलीकडचा माणूस यांच्यात निर्णय कोणाचा चालतो? आपल्या देहाचे काय करायचे हे ठरवण्याच्या तळ्यात आपण ओंजळ बुडवली आहे काय? हा प्रश्न मला कॅन्सरने शिकवला. कारण कॅन्सर हा असा रोग आहे की त्यात पुष्कळदा एकच औषध नसते. कापायचे की जाळायचे, आता की नंतर, जास्त वर्षे की बरी वर्षे, असे पर्याय असतात. जिथे पर्याय असतात तिथे कोणीतरी निवड करतच असतो. ती निवड कोण करतो, एवढाच सवाल आहे.

२

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या एका छोट्या इंग्रजी टिपणात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्या शिक्षकाची बायको बाळंतीण होती आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेटची रदबदली झाली, दोन रुपये फीची हमी मिळाली, तेव्हा तो वस्तीबाहेरपर्यंत आला आणि बाळंतिणीला तिथे आणवले. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने तो परत गेला. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात लांबूनच पाहून डॉक्टरने न्यूमोनिया ठरवला. ती बाई वाचली नाही.

हे पत्र आपण अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून वाचतो. मी ते वैद्यकाच्या इतिहासातील दस्तऐवज म्हणूनही वाचतो. त्यात रोगी बाई एकदाही बोलत नाही. डॉक्टर तिला काही विचारत नाही. तिचे दुखणे तीन हातांतून फिरून त्याच्यापर्यंत जाते आणि निकाल तेवढ्याच अंतरावरून परत येतो. आज स्पर्श होतो, तपासणी होते, हे मोठेच परिवर्तन आहे. ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण प्रश्न आणि उत्तर यांच्यातले अंतर गेले काय? माझा अनुभव सांगतो, गेले नाही. त्याने फक्त रूप बदलले.

३

मुंबईत परळ हे आपल्या चळवळीचे माहेर. पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब राहिले. दामोदर हॉलमधून १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम सुरू झाले. त्याच परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने विलायतेत वारल्या. त्यांच्या नवऱ्याच्या मनात आले की असे उपचार आपल्या देशातही मिळावेत, आणि त्यातून पुढे हे रुग्णालय उभे राहिले. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुशक्ती खात्याकडे गेले. तिथल्या डॉ. वसंत खानोलकरांनी तंबाखू खाण्याच्या सवयी आणि तोंडाचा कॅन्सर यांचा संबंध फार लवकर हेरला. आपल्या वस्त्यांतल्या तंबाखूच्या चंच्या आणि मिशरीचे डबे आठवा, म्हणजे हे संशोधन कोणाच्या तोंडाविषयी होते ते कळेल.

कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून माणसे परळला येतात. पोलादपुराहून येणारा माणूस रात्रीची एस.टी. धरतो आणि पहाटे मुंबईत उतरतो. त्याच्या हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि फाइल. राहायचे कुठे हा पहिला प्रश्न. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या रोग्यांना आसरा देते. ज्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, त्यांच्या नावाची ही धर्मशाळा. बोले ठरावात पाणवठा, धर्मशाळा आणि दवाखाना एकाच दमात आले होते. कॅन्सरच्या रोग्याला ते तिन्ही एकाच दिवशी लागतात.

४

आता माझ्या चुलत्यांची हकीकत सांगतो. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. तात्या गिरणीत कामाला होते आणि गाणारे होते. भीमराव कर्डकांच्या जलशाची गाणी त्यांनी लहानपणी ऐकली आणि पुढे चाळीत स्वतःचे पथक उभे केले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला. संपात नोकरी गेली, तिच्याबरोबर ई.एस.आय.चे कार्ड गेले, आणि तात्या पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीवर परत आले. १९८४ मध्ये त्यांचा आवाज बसला. आधी वाटले गाऊन बसला असेल. तीन महिने बसलेलाच राहिला तेव्हा मी त्यांना घेऊन मुंबईला गेलो. कोणत्या रुग्णालयात गेलो ते इथे सांगत नाही. प्रश्न एका रुग्णालयाचा नाही.

मोठ्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिले, तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला निकाल आला. ते तात्यांना म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल. तुझ्याबरोबर कोण आहे?" तात्या पंचावन्न वर्षांचे, डॉक्टर चाळिशीचे असतील. मग ते माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलू लागले. मी मास्तर आहे हे त्यांना कळले होते. तात्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. नर्सने कागद पुढे केला आणि शाईचा डबा उघडला. तात्या बसक्या आवाजात म्हणाले, "बाई, डबा ठेवा. पेन द्या." त्यांनी पेन हातात घेतले, कागद वाचू लागले. कागद इंग्रजीत होता. पेन त्यांनी तसेच परत दिले.

सही न करता आम्ही बाहेर आलो. जिन्यात एक तरुण डॉक्टर मागून आला. त्याने आम्हाला बाकावर बसवले, तात्यांना "काका, तुम्ही" असे म्हणत मराठीत समजावून सांगितले. ऑपरेशन केले तर रोग मुळापासून निघण्याची आशा जास्त, पण आवाज जाणार, गळ्याला भोक राहणार, श्वास तिथूनच. आमच्याकडे ज्याला 'लाईट घेणे' म्हणतात ते रेडिएशन केले तर आवाज राहील, पण रोग उलटण्याचा धोका मोठा. उलटला तर मग ऑपरेशन, आणि तेव्हा कदाचित उशीर झालेला असेल. "घाई नाही, चार दिवस विचार करा," तो म्हणाला. चार दिवस! त्या चार दिवसांचे मोल मला आजही करता येत नाही.

धर्मशाळेत मी तात्यांना म्हणालो, लाईट घेऊ. शाहिराचा आवाज काढून टाकायचा म्हणजे काय? ज्या समाजाला हजारो वर्षे बोलू दिले नाही, त्याच्या गाणाऱ्याचा गळा कापायचा? मी बरेच बोललो. तेव्हा मी कार्यकर्ता होतो, भाषणांची सवय होती. तात्यांनी ऐकून घेतले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "त्या डाक्टरनं मला इचारलं नाय. तू तरी कुठं इचारलंस?"

मी गप्प झालो. ते म्हणाले, "गाणं मी गेलो तरी दुसरा कोण गाईल. पोरगी धाकटी हाय, तिचा बाप दुसरा कोण व्हईल? काढूंदे."

तात्यांनी आवाज दिला आणि अकरा वर्षे घेतली. घरात एक पाटी असे, तिच्यावर ते लिहून बोलत. धाकटी पोरगी शिकली, नर्स झाली.

५

या प्रसंगाने मला जी अस्वस्थता दिली, तिच्या मागे लागून मी पुढे जमेल ते वाचले. तेव्हा कळले की तात्यांसमोर आलेला नेमका हाच सवाल अमेरिकेतल्या काही संशोधकांनी १९८१ साली विचारला होता. बार्बरा मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३७ निरोगी माणसांना, त्यांत १२ आगीचे बंबवाले आणि २५ कंपन्यांतले अधिकारी होते, विचारले की स्वरयंत्राचा कॅन्सर झाला तर आवाज राखण्यासाठी आयुष्यातली वर्षे सोडाल काय? सुमारे पाचातला एक जण आवाजासाठी रेडिएशन निवडेल असे निघाले. बाकीच्यांनी तात्यांसारखीच निवड केली असती. पण तो पाचातला एक कोण, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. अधिकारी आवाज राखेल आणि बंबवाला जीव राखेल, किंवा शाहीर आवाजच राखेल, हे आपण बाहेरून ठरवायचे नसते. त्याला विचारायचे असते.

दुसऱ्याच वर्षी, १९८२ मध्ये, याच मॅकनीलबाई आणि मानसशास्त्रज्ञ आमोस ट्वर्स्की यांनी मिळून आणखी मोठा प्रयोग छापला. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी ऑपरेशन घ्याल की रेडिएशन, हा प्रश्न २३८ रुग्णांना, ४२४ क्ष-किरण डॉक्टरांना आणि ४९१ विद्यार्थ्यांना विचारला. आकडे सर्वांना सारखेच. ऑपरेशनमधून शंभरातले ९० वाचतात, वर्षाअखेर ६८ जिवंत असतात, पाच वर्षांनी ३४. रेडिएशनमध्ये उपचाराच्या वेळी कोणी मरत नाही, वर्षाअखेर ७७ असतात, पाच वर्षांनी २२. फरक एवढाच केला की काहींना 'इतके जगतात' असे सांगितले आणि काहींना तेच आकडे उलटून 'इतके मरतात' असे सांगितले. जगण्याच्या भाषेत सांगितले तेव्हा १८ टक्क्यांनी रेडिएशन निवडले. मरणाच्या भाषेत सांगितले तेव्हा ४४ टक्क्यांनी. आणि डॉक्टरही या शब्दांच्या खेळाला तितकेच बळी पडले!

वाचकांनी क्षणभर थांबून याचा अर्थ लक्षात घ्यावा. डॉक्टर खोटे न बोलता, एकही आकडा न बदलता, निव्वळ वाक्य फिरवून रोग्याची निवड फिरवू शकतो, आणि आपण फिरवली हे त्यालाही कळत नाही. ज्यांना शतकानुशतके धर्मग्रंथाचे एकच वाक्य एकाच बाजूने ऐकवले गेले, त्यांना हे नवे वाटू नये. उपाय साधा आहे. वाक्य दोन्ही बाजूंनी ऐकायचे. 'किती वाचतात' विचारले की लगेच 'किती मरतात' तेही विचारायचे.

डॉक्टरांची स्वतःची पसंतीही त्यांच्या विद्येतून येते. २००० साली अमेरिकेत प्रोस्टेटच्या कॅन्सरविषयी तज्ज्ञांना विचारले तेव्हा मूत्रविकाराच्या सर्जनांपैकी ९३ टक्क्यांनी ऑपरेशनला कौल दिला. रेडिएशनच्या तज्ज्ञांपैकी ७२ टक्के म्हणाले की दोन्ही सारखेच. रोग तोच, पुरावा तोच. ज्याच्या हाती जे हत्यार, त्याचा त्यावर विश्वास. यात डॉक्टर लबाड आहेत असे मी म्हणत नाही. माणसाला आपली विद्या खरी वाटते. म्हणून तर एकट्याच्या विद्येवर दुसऱ्याचा देह सोपवायचा नसतो.

आणखी एक. रोगी काय निवडेल याचा अंदाज निरोगी माणसाला लागत नाही. १९९० साली लंडनमध्ये असे आढळले की अगदी थोड्या आशेसाठीही कडक केमोथेरपी सोसायला कॅन्सरचे रोगी जितके तयार होते, तितके डॉक्टर, नर्स किंवा सामान्य लोक नव्हते. 'गरीब माणूस, कशाला त्याला त्रास' असे म्हणून डॉक्टर हात आखडता घेतो तेव्हा तोही दया दाखवून निवडच करत असतो. दया हा आपल्यावर झालेला जुना अन्याय आहे.

६

पण पर्याय समजले आणि विचारले गेले, एवढ्याने निवड स्वतंत्र होते काय? इथे आपल्याला नुसत्या संमतीच्या तत्त्वज्ञानापलीकडे जावे लागते.

स्तनाच्या कॅन्सरचे उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या हॉल्स्टेडच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, सबंध स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकणे हाच उपाय मानला जाई. सुमारे पाऊणशे वर्षे बायकांना दुसरे काही विचारलेच गेले नाही. १९८१ मध्ये इटलीत वेरोनेसी आणि १९८५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी प्रयोगाने दाखवले की लहान गाठ असेल तर तेवढीच काढून नंतर रेडिएशन दिले तरी आयुष्य तितकेच मिळते. २००२ साली वीस वर्षांनंतरचे निकाल आले, तेही तेच सांगत होते. स्तन राखण्याचा पर्याय असा खुला झाला.

पण तो महाड-पोलादपूरच्या बाईला खुला झाला काय? स्तन राखायचा तर ऑपरेशननंतर पाच-सहा आठवडे आठवड्यातले पाच दिवस रेडिएशन घ्यावे लागे. मुंबई आमच्यापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. खारघरचे टाटांचे केंद्र आमच्याच रायगड जिल्ह्यात आहे, पण तेही महाडपासून सव्वाशे किलोमीटरांहून दूर. सहा आठवडे राहायचे कुठे, रोज बुडवायचा कसा, घरची पोरे कोणाकडे? तेव्हा बाई म्हणते, "काढून टाका, एकदाचं सुटेल." डॉक्टर कागदावर लिहितो की रोग्याची पसंती, स्तन काढणे. ही पसंती कोणाची? बाईची की एस.टी.च्या तिकिटाची? आता रेडिएशनचे आठवडे कमी करण्याच्या पद्धती आल्या आहेत. त्यांचा सर्वांत मोठा फायदा दूरच्या बाईला आहे आणि तो तिला आवर्जून सांगितला पाहिजे.

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचे नाव आहे. त्या योजनेने पुष्कळांचे ऑपरेशन आणि केमोथेरपी झाली, हे मोठे काम आहे. पण योजना उपचाराचे पैसे देते. मुंबईतल्या खोलीचे आणि बुडालेल्या रोजाचे बिल तिच्यात बसत नाही. जोवर ते बसत नाही, तोवर गरिबाची निवड अर्धीच राहील.

७

कायदा आपल्या बाजूला आहे. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका स्त्रीच्या दाव्यात स्पष्ट सांगितले की तपासणीला दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती नव्हे. उपचाराचे स्वरूप, दुसरे पर्याय आणि धोके रोग्याला सांगितल्यावरच संमती खरी. हा निकाल म्हणजे आपल्या देहाचा १९२४ सालचा ठराव आहे. तळे खुले आहे असे त्यात लिहिले आहे. चालत जायचे आपल्याला आहे.

चालायचे कसे, हेही महाडनेच शिकवले आहे. डिसेंबर १९२७ च्या परिषदेची आठवण करा. १४ डिसेंबरला विरोधकांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता. परिषदेत सत्याग्रहासाठी जवळजवळ चार हजार माणसांनी नावे नोंदवली होती. ती मागे हटायला तयार नव्हती. बाबासाहेब बॅरिस्टर होते, कायद्याचे तज्ज्ञ होते. त्यांचे मत अखेर असे झाले की सत्याग्रह तूर्त तहकूब करावा. त्यांनी ते मत लपवले नाही आणि लोकांवर कागद पुढे सरकवून लादलेही नाही. बाजूने आणि विरुद्ध भाषणे होऊ दिली, मनाई हुकूम मोडल्यास सवर्णांबरोबर सरकारशीही झुंजावे लागेल हे समजावले, आणि निरक्षर माणसांसमोर त्यांच्या भाषेत आपली कारणे मांडली. लोकांनी ऐकले, मान्य केले, तळ्याला वळसा घालून मिरवणूक काढली. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

तज्ज्ञाला मत असू नये असे नाही. असलेच पाहिजे. बोटे दाखवून "तुम्हीच ठरवा" म्हणणारा आणि हात झटकणारा डॉक्टर मला नको आहे. मला त्या जिन्यातल्या तरुण डॉक्टरसारखा डॉक्टर हवा आहे, ज्याने बाकावर बसून दोन्ही वाटा दाखवल्या आणि चार दिवस दिले.

आपल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. वाडीतला माणूस मुंबईला निघाला की त्याच्याबरोबर एक वाचणारा माणूस द्यावा. त्याने जाताना प्रश्न लिहून न्यावेत : दुसरा उपाय आहे काय? काहीच केले नाही तर काय होईल? शंभरातले किती वाचतात, किती मरतात? काय गमवावे लागेल? तुमच्या जागी दुसऱ्या विद्येचा डॉक्टर काय म्हणेल? आणि शेवटी, आपल्याच माणसाकडे वळून, माझ्यासारखी चूक न करता विचारावे : तुला काय हवे आहे?

१९९१ मध्ये अमेरिकेत ३३२ रोग्यांवरचा एक अभ्यास छापला गेला. वाढलेल्या स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये आधी केमोथेरपी आणि मग रेडिएशन दिले तर दोन वर्षांचे जगणे ऑपरेशनइतकेच मिळाले, आणि ६४ टक्के माणसांचे स्वरयंत्र वाचले. मला तो कळला तेव्हा तात्या हयात होते. सांगावे की नाही, याचा मी महिनाभर विचार केला. मग आठवले की हेही मी त्यांच्या वतीने ठरवतो आहे. सांगितले. त्यांनी पाटी ओढून घेतली आणि लिहिले : "मला इचारून काढला. पुढच्याला इचारून राखा."